मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत तलंगांना खुराड्यात बसायची सवय लावा

रोहिणी संपत आल्या, मृग तोंडावर आलाय, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडूक कोंबडीखाली निघालेली किंवा हॅचरीतून आणलेली पिल्लं आता दोन ते चार महिन्यांची झाली असतील. पंखात बळ आलेलं असतं, त्यामुळं दिवस मावळला की कोण आंब्यावर, कोण गोठ्याच्या वाश्यावर, कोण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसतं. उन्हाळ्यात हे चालून गेलं, पण एकदा रात्रभर पाऊस लागला की झाडावरची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, भिजून गारठते, सकाळी पंख सोडून कोपऱ्यात उभी असते, मग घरघर सुरू. रानमांजर आणि घुबड झाडावरूनसुद्धा उचलतात ते वेगळंच. म्हणून जे काही करायचं ते आत्ताच करा, पाऊस लागल्यावर चिखलात पळापळ करून काही होत नाही.

आधी कोंबडीचं वागणं समजून घ्या. तिला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळं तिन्हीसांजेला ती आपली उंच जागा धरते आणि काल जिथं झोपली तिथंच आज परत जाते. सगळी ट्रेनिंग या एका सवयीवर उभी आहे. आईमागं वाढलेली पिल्लं आईबरोबर आत जातात, हॅचरीच्या पिल्लांना दाखवणारं कुणी नसतं, त्यांना आपणच शिकवायचं. संध्याकाळी काठी घेऊन अंगणभर हाकललं तर पक्षी बिथरतो, आणि खुराडं म्हणजे धोका एवढंच त्याच्या डोक्यात बसतं, मग दुसऱ्या दिवशी तो अजून लांब पळतो.

सुरुवातीला पाच-सात दिवस सगळ्या तलंगांना खुराड्यातच ठेवा, किंवा खुराड्याला लागून जाळीचं छोटं आवार करून तेवढ्यातच फिरू द्या. खाणं, पाणी सगळं तिथंच. जीव तुटतो आपला, दिवसभर ओरडतात ती, पण हा आठवडा टाळू नका. उकाडा असेल तर पाणी दोन-तीनदा बदला आणि वरून वारा खेळता ठेवा. त्यानंतर पहिले काही दिवस सूर्य मावळायच्या तासभर आधीच बाहेर सोडा, म्हणजे लांब जायला वेळच मिळत नाही आणि भूक लागलेली असल्यानं हाक मारली की येतात. मग हळूहळू वेळ वाढवत न्या.

हाक एकच ठेवा, घरात जी चालते ती, आणि संध्याकाळचा दाणा फक्त खुराड्यात टाका, बाहेर अंगणात अजिबात नाही. ज्वारी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी, जे असेल ते. घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर आजी प्रेमानं ओट्यावर दाणे टाकते आणि सगळी पाखरं ओट्यावरच रेंगाळतात. जूनमध्ये दिवस सातच्या आगेमागे मावळतो पण ढग असले की अर्धा तास आधीच अंधारून येतं, तेव्हा घड्याळ न बघता उजेड बघून हाक मारा.

खुराड्यात आत काळोख आणि बाहेर अजून उजेड असेल तर पक्षी दारापर्यंत येऊन परत फिरतो. अशा वेळी आत एक छोटा बल्ब किंवा सोलरचा दिवा लावा, सगळे आत येऊन दांडीवर बसले की बंद करा. कंदील किंवा तेलाचा दिवा ठेवू नका, खाली तूस असतं, पेट घ्यायला वेळ लागत नाही.

एवढं करूनही दोन-चार हट्टी पक्षी झाडावर जाणारच. त्यांच्यामागं उजेडात धावू नका, पूर्ण अंधार पडू द्या. मग टॉर्चवर पातळ लाल कापड बांधून जा, दोन्ही पंख अंगाशी दाबून छातीखाली हात घालून उचला, पायाला धरून ओढायचं नाही. आत नेल्यावर तिचे पाय दांडीवर टेकवा, पंजा आवळला गेला की मगच हात काढा. कोंबडी गुडघ्यात वाकून बसली की पायाच्या शिरा ताणून बोटं आपोआप आवळतात, म्हणून ती झोपेतही पडत नाही. रोज न चुकता हे केलं तर बहुतेक आठवड्या-दोन आठवड्यांत वठणीवर येतात. पंखाची पिसं कापायची लोकांना घाई असते, पण मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याला कुत्र्यापासून वाचायला तेच पंख लागतात, त्यामुळं मी तरी ते करू नका असंच म्हणेन.

आता दांडी. दीड-दोन इंच जाडीची, वरून कडा घासलेली लाकडी दांडी सगळ्यात चांगली. लोखंडी पाईप घसरतो आणि थंडीत गार पडतो. बांबू वापरणार असाल तर त्याची पोकळ टोकं मातीनं बुजवा, नाहीतर तिथं गोचीड घर करते. तलंगांसाठी जमिनीपासून फूटभर उंचीनं सुरू करा, नंतर दोन फुटांपर्यंत न्या. गिरीराज, वनराजसारख्या जड जातींना दीड फुटाच्या वर नेऊ नका, उंचावरून उडी मारून तळपाय सुजतात. एका पक्ष्याला सहा ते आठ इंच जागा धरा, दोन दांड्यांत आणि भिंतीपासून फूटभर अंतर. मोठ्या कोंबड्या त्याच खुराड्यात असतील तर तलंगांना वेगळी दांडी द्या, मोठ्या टोचून खाली पाडतात आणि बिचारी लहान बाहेरच झोपतात. अंडी घालायच्या पेट्या दांडीपेक्षा खाली हव्यात आणि तलंगा अंड्यावर येईपर्यंत त्या झाकूनच ठेवा, नाहीतर तिथंच झोपायची आणि घाण करायची खोड लागते.

पहिल्या काही रात्री साडेआठ-नऊला एकदा आत नक्की डोकवा. घाबरलेली किंवा गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, सकाळी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कोपरे पुठ्ठा लावून गोल करा, ढीग दिसला तर हातानं मोकळा करून एकेक दांडीवर बसवा.

चांगली बसणारी कोंबडी अचानक आत जायला नको म्हणायला लागली तर तिला नावं ठेवू नका, खुराडं तपासा. बहुतेक वेळा गोचीड किंवा लाल माइट (बारीक कीड) असतात, दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूनं फिरवा, लाल डाग आले की समजा. मग सगळे पक्षी बाहेर काढून दांड्या कडक उन्हात टाका, फटी बुजवा, भिंतीला चुना मारा, औषध मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच. कधी कधी छत गळत असतं, कधी साप येऊन गेलेला असतो, तेही बघा. कोंबडीची पातळ जाळी कुत्रं आणि मुंगूस फाडतं, खालच्या दोन-अडीच फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि ती थोडी जमिनीत गाडा.

पावसाचं पाणी येतं म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळू नका, विष्ठेचा वास डोळ्यांत चुरचुरायला लागला म्हणजे पक्ष्यांचे डोळे आणि छाती आधीच त्रासात असतात. वाऱ्याच्या बाजूला पडदा, छताखाली वीतभर फट मोकळी. रात्रीची विष्ठा दांडीखालीच पडते, तिथं गोणपाट टाकून दोन-तीन दिवसांनी उचलून खतात टाका.

आणि पाखरं एकदा दांडीवर बसायला लागली की लसीकरण सोपं होतं. मानमोडीची (राणीखेत) आणि कोंबड्यांच्या देवीची लस राहिली असेल तर डॉक्टरांना संध्याकाळचं बोलवा, देवी डासांमुळं पसरते आणि डास आता वाढणारच.