नो-कोडचं नाव गेलं तरी अ‍ॅप चालू राहावं म्हणून

‘नो-कोड’, म्हणजे कोड न लिहिता अ‍ॅप बांधणं, ही पाटी किती वर्षं टिकेल? बहुधा फार नाही. काम मात्र राहील. १९८० च्या दशकात याच गोष्टीला ‘चौथ्या पिढीच्या भाषा’ म्हणत. पुढे फॉक्सप्रो हे डेटा सांभाळणारं साधन आलं, १९९२ मध्ये तसंच मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आलं. २०१४ मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीने ‘लो-कोड’ हा शब्द रुळवला आणि फेब्रुवारी २०२५ पासून ‘व्हाइब कोडिंग’, म्हणजे एआयला सांगून कोड लिहून घेणं, हे नाव सुरू झालं. नाव बदलत गेलं, गरज तीच राहिली: ज्याला धंदा कळतो त्याला आपलं साधन स्वतः बांधायचं असतं.

नावापेक्षा उत्पादन बंद पडण्याची भीती खरी. नो-कोडची दोन साधनं अशीच गेली. गुगलचं अ‍ॅप मेकर १९ जानेवारी २०२१ रोजी बंद झालं, अ‍ॅमेझॉनचं हनीकोड २९ फेब्रुवारी २०२४ रोजी. अ‍ॅप मेकर वापरणाऱ्यांचा डेटा त्यांच्याच क्लाउड एसक्यूएल (गुगलची डेटा साठवण्याची सेवा) खात्यात होता, म्हणून तो शाबूत राहिला. स्क्रीन आणि नियम मात्र दुसरीकडे जसेच्या तसे नेता आले नाहीत. बांधकाम करायचं ते हे लक्षात ठेवूनच.

उदाहरणाला मंडप आणि भांडी भाड्याने देणारा व्यवसाय घेऊ, आणि साधन म्हणून गुगल शीट व त्यावर अ‍ॅपशीट, म्हणजे शीटवरून फोनचं अ‍ॅप बनवणारं गुगलचं नो-कोड साधन.

आधी शीट, मग अ‍ॅप. शीट स्वतःच्या खात्यात उघडा, कोणा मदतनिसाच्या नव्हे. सेटिंग्जमध्ये लोकेल (कोणत्या देशाप्रमाणे तारखा वाचायच्या) ‘भारत’ करा. ते अमेरिकेचं राहिलं तर ०५/०६ ही तारीख ५ जून न राहता ६ मे होते आणि माल महिनाभर आधी बाहेर पडलेला दिसतो. फोन नंबरचा रकाना ‘प्लेन टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं. नग आणि रकमा इंग्रजी अंकांतच भरा. देवनागरी अंकांना शीट मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही.

तीन तक्ते पुरतात. ‘वस्तू’मध्ये नाव, एकूण नग आणि आजचा दर. ‘ऑर्डर’मध्ये गिऱ्हाईक, माल जाण्याची तारीख, परतीची तारीख आणि अनामत. ‘ओळी’मध्ये कोणती ऑर्डर, कोणती वस्तू, किती नग, काय दर, परत किती आले. एकाच ओळीत ‘खुर्च्या २००, पातेली १२’ असं लिहायचा मोह होतो. तो टाळा. दोनशे गेल्या आणि एकशे सत्त्याण्णव आल्या हे त्या ओळीतून कधीच काढता येत नाही.

प्रत्येक तक्त्याचा पहिला रकाना ओळखक्रमांकाचा. त्याच्या ‘इनिशियल व्हॅल्यू’त (नवी ओळ बनताना एकदाच भरलं जाणारं मूल्य) युनिकआयडी हा दर वेळी वेगळा क्रमांक देणारा फॉर्म्युला द्या आणि तोच रकाना ‘की’, म्हणजे ओळीची ओळख, म्हणून निवडा. वेगळा ओळखता येईल असा रकाना सापडला नाही, तर अ‍ॅपशीट ओळीचा क्रमांकच ‘की’ धरतं. मग कोणी शीट तारखेप्रमाणे लावली की एका ऑर्डरची पातेली दुसऱ्या ऑर्डरला चिकटतात. गिऱ्हाइकाचं नावही ‘की’ करू नका, पाटील दोन निघतातच.

दराचं नीट बघा. ‘ओळी’तला दर ‘वस्तू’मधून आणायचा, पण तोही ‘इनिशियल व्हॅल्यू’मधून, ‘अ‍ॅप फॉर्म्युला’तून नव्हे. अ‍ॅप फॉर्म्युला असेल तर दिवाळीनंतर दर वाढवल्यावर जुन्या ओळीत साधी दुरुस्ती केली तरी तिथे नवा दर बसतो आणि दिलेल्या बिलाशी हिशोब जुळत नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात शिल्लक काढताना. लोक फक्त लग्नाची तारीख तपासतात. ५०० खुर्च्यांपैकी ३०० दहा तारखेला गेल्या आणि बाराला परत येणार असतील, तर अकराच्या लग्नाला २००च उरतात. म्हणून अट दुहेरी लावा: जुन्या ऑर्डरचं ‘जाणं’ नव्या ऑर्डरच्या ‘परती’पर्यंतचं असेल आणि जुनीची ‘परत’ नवीच्या ‘जाण्या’च्या दिवशी किंवा नंतर असेल, तर ते नग अडकलेले धरा. अशा सगळ्या ओळींची बेरीज एकूण नगांतून वजा करा. जी ऑर्डर दुरुस्त करताय तिची स्वतःची ओळ बेरजेतून वगळायला विसरू नका. आणि फोन ऑफलाइन असताना बुकिंग घेऊ नका. दोघांनी दोन गावांतून त्याच खुर्च्या दिल्या तर नेट आल्यावर दोन्ही नोंदी बिनतक्रार जमा होतात.

गोदामातल्या माणसाला अनामतीचे आकडे दिसू नयेत असं वाटत असेल, तर ‘स्लाइस’वर, म्हणजे तक्त्याचा निवडक भाग दाखवण्याच्या सोयीवर, भरवसा ठेवू नका. स्लाइस फक्त पडद्यावरून लपवतं, डेटा फोनवर पोचतोच. ‘सिक्युरिटी फिल्टर’ अख्ख्या ओळी अडवतं, सुटा रकाना नाही. त्यामुळे अनामत ‘ऑर्डर’मधून काढून चौथ्या तक्त्यात न्या आणि त्यावर फिल्टर लावा. शीट त्या माणसाशी थेट शेअर केली, तर हे सगळं फुकट.

अ‍ॅपशीटचे पैसे माणशी मोजले जातात. लग्नसराईत पंधरा पोरं कामावर असली तरी लॉगिन नोंदी करणाऱ्या दोघा-तिघांनाच द्या, बाकीच्यांना मालाच्या चलानाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पुरते.

आता बाहेर पडण्याची चाचणी, म्हणजे अ‍ॅपशीट बंद पडलं तर डेटा हाती राहतो का ते बघणं. ही खरा माल भरण्याआधी, वीस खोट्या नोंदींवर करायची. सगळे तक्ते सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्ता-फाइल) म्हणून उतरवा आणि दुसऱ्या संगणकावर लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये डबल-क्लिक केलं तर ‘पातेली’च्या जागी अगम्य चिन्हं येऊ शकतात. तिथे ‘डेटा’ मेनूतून मजकूर फाइल आणा आणि यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षरपद्धत) निवडा. मग एक ऑर्डर उचला आणि तिच्या ओळी केवळ ओळखक्रमांकावरून हाताने शोधून बघा. सापडल्या तर डेटा तुमचा आहे. अ‍ॅपमध्ये जोडलेले फोटो शीटमध्ये नसतात, तिथे फक्त फाइलचा पत्ता असतो. त्यामुळे ड्राइव्हमधलं फोल्डर वेगळं उतरवा.

नियम मात्र उतरत नाहीत. ते साध्या मराठीत एका कागदपत्रात लिहा: शिल्लक कशी काढायची, हरवलेल्या नगाचे पैसे कोणत्या दराने कापायचे, अनामत कधी परत करायची. उद्याचं नो-कोड असो, एआय असो की पगारी प्रोग्रामर, याच पानावरून तो अ‍ॅप पुन्हा बांधेल. नियम बदलला की त्याच दिवशी पान बदला, तारीख टाकून.

दर महिन्याच्या एक तारखेला तक्ते आणि फोटो उतरवून ड्राइव्हबाहेर, पेनड्राइव्हवर ठेवा. जुन्या तीन प्रती पुसू नका, कारण चुकीने खोडलेली ऑर्डर बहुतेक वेळा पुढच्या महिन्याच्या हिशोबालाच लक्षात येते.