अमल कार्ब मूळचा आहे की नंतर बसवलेला, कसं ओळखायचं

बी.एस.ए., ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक वेळा 'अमल' नाव असलेलाच कार्ब (कार्ब्युरेटर) दिसतो. नाव दिसलं की मालक निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. अमल ही कंपनी १९२७ साली तीन कार्ब कंपन्या एकत्र येऊन झाली, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत तिने पूर्णपणे वेगवेगळ्या पिढ्यांचे कार्ब बनवले. यातले बरेच एकमेकांच्या जागी बसतात, गाडी चालूही होते. म्हणून 'बोल्ट बरोबर बसले' हा मूळ असण्याचा पुरावा धरू नका.

सगळ्यात आधी गाडीचं साल पक्कं करा. आर.सी. बुकावरचं साल पुष्कळदा नोंदणीचं असतं, बनावटीचं नव्हे. युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या बी.एस.ए. एम२० सारख्या गाड्यांत हा फरक काही वर्षांचा निघतो. इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर दोन्ही पाहून साल ठरवा, मग त्या सालाचं, त्याच मॉडेलचं पार्ट्स बुक उघडा. शेजारच्या सालाचं पुस्तक चालवून घेऊ नका.

आता पिढी ओळखा. हे लांबूनही जमतं. फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) वाटी वेगळी असून हातासारख्या जोडाने मुख्य बॉडीला बाजूला लटकलेली असेल, तर तो जुना प्रकार: युद्धानंतरच्या गाड्यांवर २७४, २७५, २७६ किंवा २८९. फ्लोट बॉडीतच ओतलेला आणि बाजूला तीन स्क्रूचं गोल झाकण असेल तर मोनोब्लॉक, म्हणजे ३७५, ३७६ किंवा ३८९. हा १९५४-५५च्या सुमारास आला. वाटी बॉडीच्या बरोबर खाली दोन स्क्रूंनी लावलेली असेल तर कॉन्सेन्ट्रिक, १९६७चा: ६०० आणि ९०० मालिका. तेव्हा १९५२च्या गाडीवर मोनोब्लॉक दिसला, तर तो कितीही सुंदर असला तरी नंतर आलेला आहे. उंबरठ्यावरच्या सालांत मात्र घाई नको. १९६७ची ट्रायम्फ बॉनव्हिल वर्षाच्या मध्यात मोनोब्लॉकवरून कॉन्सेन्ट्रिकवर गेली, तिथे इंजिन नंबरच निकाल देतो.

आपल्याकडच्या बुलेटवाल्यांसाठी एक सोपी खूण: १९६०च्या दशकातल्या ३५० बुलेटवर मिककार्ब व्ही.एम.२४ असेल, तर तो नक्कीच नंतर बसवलेला. चालायला उत्तम, पण मूळचा नाही.

पिढी जुळली की नंबर वाचा. बॉडीच्या बाजूला सपाट जागेवर तो ठोकलेला असतो, उदाहरणार्थ '३७६/' आणि पुढे दोन-तीन आकडे. पहिला भाग कार्बचा प्रकार सांगतो. तिरक्या रेषेनंतरचा भाग हा त्या विशिष्ट गाडीसाठी ठरवलेल्या जुळणीचा क्रमांक असतो, आणि पार्ट्स बुकाशी अंकन् अंक जुळवायचा तो हाच. कॉन्सेन्ट्रिकवर आधी 'आर' किंवा 'एल' येतं, म्हणजे सेटिंगचे स्क्रू उजवीकडे की डावीकडे, आणि मग मालिका व बोअर (हवा जायच्या नळीचा व्यास): ९३० म्हणजे ९०० मालिका, ३० मिलिमीटर. नॉर्टन कमांडो ७५०च्या सुरुवातीच्या गाड्यांवर ९३० आणि ८५०वर ९३२ येतो. ८५०वर ९३० दिसला, की कुणीतरी हाताला आलेला लावलाय.

नंबर पुसट असेल तर पॉलिश पेपर अजिबात घासू नका. पेट्रोल आणि मऊ ब्रशने साफ करा, खडू चोळा, बोटाने वरचा पुसून टाका आणि टॉर्च अगदी आडवी धरा. खाचेत खडू राहतो आणि आकडे उठून दिसतात. त्याच प्रकाशात खोटा नंबरही पकडता येतो. जुना ठोका बॉडीच्या पृष्ठभागाइतकाच जुना दिसतो. नव्याने ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू चमकतो, किंवा आजूबाजूची जागा घासून खोलगट झालेली असते. अशी घासलेली जागा दिसली तर त्या नंबरवर विश्वास ठेवू नका. अमलचे जुने प्रकार इंग्लंडमध्ये आजही नव्याने बनतात. ते अस्सल अमलच आहेत आणि रोज चालवायला चांगले, पण त्या काळचे म्हणून त्यांची किंमत मोजू नका.

यानंतर व्हर्निअर घ्या. ३७६ हा १५/१६, १ आणि १-१/१६ इंच अशा तीन बोअरमध्ये येतो, म्हणजे सुमारे २३.८, २५.४ आणि २७ मिलिमीटर. मोजमाप इंजिनच्या बाजूने, दोन दिशांनी घ्या. दोन्हींत फरक आला तर बोअर गोल राहिलेला नाही.

बॉडी खरी ठरली, तरी आतला माल दुसऱ्याच कार्बचा असू शकतो. खरं काम इथेच आहे. स्लाइड, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर वर सरकणारा भाग, बाहेर काढा. तिच्यावर '३७६/३' किंवा '३७६/३-१/२' असं लिहिलेलं असतं. जुन्या २७६च्या स्लाइडवर '६/४'. दुसरा आकडा म्हणजे हवेच्या बाजूचा उतरता काप, इंचाच्या सोळाव्या भागात: ४ म्हणजे ४/१६ इंच. हा आकडा मोठा तर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. थ्रॉटल नुकता उघडल्यापासून पाव उघडेपर्यंत गाडी अडखळत असेल, तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) बदलत बसण्याआधी हा आकडा पुस्तकाशी ताडून बघा.

मोनोब्लॉकच्या स्लाइडला लटकणाऱ्या सुईवर अक्षर असतं: ३७५ला बी, ३७६ला सी, ३८९ला डी. ३७६मध्ये डी सुई निघाली की गाडीचा मधला वेग कधीच सुधारणार नाही. सुई ज्यात फिरते ते नीडल जेट ०.१०५, ०.१०६, ०.१०७ इंच अशा मापांत येतं. फरक हजाराव्या भागाचा, म्हणून झिजलेलं जेट डोळ्यांना नवंच वाटतं आणि प्लग मात्र काळा पडत राहतो. हे जेट मूळ म्हणून जपू नका, बदलाच.

मेन जेटवरचा आकडा भोकाचं माप नाही. मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहतं, ते तो सांगतो. त्यामुळे भोकात तार घालून तपासण्यात अर्थ नाही. भिंगातून भोकाची कड पाहा. कड खरखरीत किंवा वाकडी असेल तर कुणीतरी ते मोठं केलंय, आकडा काहीही असो. मोनोब्लॉक आणि कॉन्सेन्ट्रिकचं मेन जेट एकच, २७६चं वेगळं.

२७६ घेताना फ्लोटची वाटी स्वतंत्रपणे तपासा, कारण सर्वाधिक अदलाबदल तिचीच होते. इनलेट (कार्बपासून इंजिनात जाणारी वाट) उतरता असला तरी वाटी सरळ उभी राहायला हवी, म्हणून तिच्या जोडाचा कोन गाडीगणिक वेगळा ठेवलेला असतो. चुकीच्या कोनाची वाटी कलते, फ्लोट आतून घासतो, पेट्रोलची पातळी बदलते आणि उभ्या गाडीखाली पेट्रोल ठिबकत राहतं. लोक फ्लोटची सुई बदलून थकतात, दोष वाटीच्या कोनात असतो.

पैसे देण्याआधी शेवटची तपासणी फ्लँजची, म्हणजे इंजिनला नटांनी आवळल्या जाणाऱ्या सपाट कडेची. या बॉडी जस्ताच्या मिश्रधातूच्या आहेत. नट जोरात आवळले की फ्लँज दोन्ही टोकांना इंजिनकडे वाकतो. स्टीलची पट्टी त्यावर टेकवून उजेडाकडे धरा. मधे फट दिसली तर तिथून हवा खेचली जाईल आणि स्लो (थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनची संथ चाल) कधीच बसणार नाही. थोडा बाक असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून, आठाच्या आकड्यात हात फिरवत, तो सपाट करता येतो. बसवताना नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा.