डेटाबेस कोसळला, बॅकअप जुना, लॉग अर्धवट: आता काय करायचं?

नागपूरच्या इतवारीतलं एक ठोक धान्याचं दुकान. मे महिन्याची दुपार, वीज गेली, यूपीएसनं दोन मिनिटांत मान टाकली आणि बिलांचा मायएसक्यूएल सर्व्हर (बिलं साठवणारा डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) परत उठेचना. बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. शेठजी डोक्याशी उभे: "भाऊ, आज बिलं निघतीन ना?"

अशा वेळी हात शिवशिवतात. आवरा. सर्व्हर बंद करून डेटाचं अख्खं फोल्डर, बिनलॉगसकट (डेटातल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या फाइल्स), दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पुढचे प्रयोग त्या नकलेवरच. इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग; बिघडलेल्या डेटावरही सर्व्हर जबरदस्तीनं उठवायची त्याची सेटिंग, फोर्स रिकव्हरी, १ पासून एकेक पायरीनं वाढवा. ४ किंवा त्यावर डेटा कायमचा बिघडू शकतो. सर्व्हर उठलाच, तर आधी डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलमधली नक्कल, काढा.

आमचा उठला नाही. मग दुसऱ्या मशीनवर त्याच आवृत्तीचं मायएसक्यूएल टाकून जुना बॅकअप चढवला. त्या बॅकअपची डम्प फाइल एडिटरमध्ये उघडून वरच्या ओळी बघा. बॅकअप घेताना लॉगमधली जागा नोंदवायचा पर्याय दिला असेल, तर बिनलॉगचा क्रमांक आणि पोझिशन तिथेच लिहिलेली असते. तिथपासूनचे लॉग मायएसक्यूएलबिनलॉग या सोबतच्या साधनानं क्रमानं, एकाच कमांडमध्ये चालवा, म्हणजे बॅकअपनंतरचे बदल पुन्हा घडतात.

खरी मेख पुढेच होती. आमच्याकडे बिनलॉगच्या ४१ ते ४४ क्रमांकाच्या फाइल्स होत्या, ४६ होती, ४५ गायब. डिस्क भरली म्हणून कुणीतरी उडवलेली! ४६ लगेच चालवायचा मोह होतो. चालवू नका. लॉग रो पद्धतीचा (बदललेल्या ओळी नोंदवणारा) असेल तर बदलायची ओळच सापडली नाही, की १०३२ एरर देऊन निदान तिथे अडतो तरी. स्टेटमेंट पद्धतीचा (दिलेली आज्ञाच नोंदवणारा) असेल तर ‘साठ्यातून ५ पोती वजा कर’ हे चुकीच्या आकड्यावरही बिनबोभाट चालून जातं, आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून ४४ संपली की थांबा, तिथला डम्प बाजूला ठेवा. ४६ मायएसक्यूएलबिनलॉगच्या व्हर्बोज पर्यायानं वाचता येईल अशी उलगडा आणि त्यातली फक्त नवी बिलं उचलून भरा. ४५ सोबत गेलेल्या मधल्या बिलांसाठी बिल क्रमांकांतला खंड क्वेरीनं (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नानं) काढा. आमच्याकडे बिल क्रमांक ३१२ ते ३८७ नव्हते. कार्बन कॉपीची पुस्तकं काढली; एक पोरगा मोठ्यानं वाचायचा, दुसरा टाइप करायचा. साठ्याच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवला नाही, गोदामात जाऊन पोती मोजली.

शेठजींची बिलं निघाली, पण तिसऱ्या दिवशी.