रात्रीच्या ट्रेल रिलेत पहिल्यांदा पळताय? या चुका टाळा

अमेरिकेत रॅग्नर ट्रेलसारख्या, डोंगरातल्या पायवाटांवरच्या (ट्रेल) रात्रभराच्या रिलेमध्ये आमची मराठी मंडळींची टीम दरवर्षी पळते, दरवर्षी दोन-तीन जण नवीन असतात, आणि दरवर्षी चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

आधी फॉरमॅट नीट समजून घ्या. आठ जणांची टीम, हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन लूप, तिन्ही कॅम्पमधूनच सुटतात आणि तिथेच परत येतात. एका वेळी टीमचा एकच जण पळतो. लूप त्याच क्रमाने फिरत राहतात आणि आठाला तीनाने भाग जात नाही, म्हणून प्रत्येकाला दर पाळीला नवा लूप मिळतो. पहिल्या नंबरवाल्याला आधी हिरवा, मग नवव्या पाळीला लाल, मग सतराव्या पाळीला पिवळा. एकूण २४ पाळ्या, माणशी साधारण २४ किलोमीटर. "एवढंच? मी तर हाफ मॅरेथॉन आरामात पळतो" म्हणणारा एक जण हमखास असतो. अरे बाबा, हाफ झाली की तू घरी जाऊन झोपतोस, इथे पाय आखडलेले असताना रात्री दोनला परत उठून बूट घालायचेत.

आणि सगळ्यात मोठी चूक या उठण्यातच होते. युटा राज्यात झायन नॅशनल पार्कजवळ पळत होतो तेव्हाची गोष्ट. तिथला कॅम्प जवळपास दोन हजार मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, दिवसा टीशर्टवर फिरलो आणि रात्री तोंडातून वाफा निघत होत्या. आमच्यातला एक जण म्हणाला, मी अलार्म लावलाय, मला कोणी उठवू नका. थंडीने त्याच्या फोनची बॅटरी बसली. पावणेतीनला आमचा रनर लूप संपवून आला तर पट्टा (रिलेत पळून आलेल्याने पुढच्याला द्यायचा तो) घ्यायला समोर कोणीच नाही! मी तंबूकडे धावले, पण अंधारात शेकडो तंबू सारखेच दिसतात, एक चेन उघडली तर आत भलतीच माणसं झोपलेली. बावीस मिनिटं गेली. वेळ गेल्याचं मला काही वाटलं नाही, पण पळून आलेला तो बिचारा घामाने भिजलेल्या बनियनवर थंडीत कुडकुडत उभा होता, आणि पुढच्या पाळीत त्याच्या पोटरीत असा गोळा आला की अर्धा लूप त्याला चालत काढावा लागला.

तेव्हापासून आमच्या टीममध्ये अलार्मवर भरवसा नाही. पट्टा देऊन कॅम्पवर आलेल्याने स्वतः आडवं व्हायच्या आधी पुढच्याला उठवायचं, म्हणजे चौथा परत आला की सहाव्याला उठवतो, कारण पाचवा तेव्हा पळत असतो. "हं, उठतोय" चालत नाही, तो बसून बुटाची नाडी बांधेपर्यंत तिथून हलायचं नाही. पाळ्यांचा कागद आईसबॉक्सवर चिकटवलेला असतो. आणि तंबूवर दिवाळीतला आकाशकंदील, आत बॅटरीचा दिवा, लांबूनच ओळखू येतो.

दुसरं, हेडलॅम्प. स्वस्तातला एकच दिवा आणायचा आणि तोही तिथेच पहिल्यांदा पेटवायचा, हे मला अजिबात पटत नाही. कपाळावरचा उजेड डोळ्यांच्याच रेषेत पडतो, त्यामुळे दगडाची सावली दिसत नाही, सगळी वाट सपाट वाटते आणि तिथेच पाय मुरगळतो. मी दुसरा छोटा दिवा कमरेला लावते. त्याच्या तिरप्या उजेडात मुळं-दगड उठून दिसतात. जादा सेल सोबत हवेतच, थंडीत साधे सेल लवकर मान टाकतात. आणि घराजवळच्या टेकडीवर चार रात्री तरी पळून या, त्याला शॉर्टकट नाही.

वेळेचा अंदाज रस्त्यावरच्या पेसने (पळण्याच्या वेगाने) देऊ नका. मी दिवसाच्या लूपला सव्वापट आणि रात्रीच्या लूपला दीडपट वेळ धरते.

पहिल्या लूपला अंगात जोर असतो, बाकीचे टाळ्या वाजवत असतात, म्हणून उतारावर सुसाट सुटू नका. मांड्या उतारावरच फुटतात आणि ते कळतं तिसऱ्या लूपला.

नवे बूट नकोत. कॉटनचे मोजे नकोत.

कपड्यांच्या तीन पिशव्या करा, एका पाळीला एक, आणि पळून आल्या आल्या ओले कपडे काढा, शेकोटीपाशी गप्पा मारायला नंतर बसा. नवीन लोकांना नेमका इथेच धीर नसतो.

खाण्यात वेगवेगळे जेल आणि बार आणून प्रयोग करू नका. आम्ही मऊ मुगाची खिचडी नेतो, वर थोडं जास्तीचं मीठ, आणि रात्री पळून येणाऱ्यासाठी एक वाटी गरम करून झाकून ठेवलेली असते. ती त्याचीच, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.