गावच्या वाचनालयात ‘हुकूमशाही आणि इस्लाम’ हा विषय कसा घ्यावा

अभ्यासवर्गात हा विषय काढला की पहिल्या पंधरा मिनिटांत गाडी हमखास आपल्याच गावावर येते. म्हणून बैठकीची बांधणी आधीच करून ठेवा.

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की रात्री आठ ते साडेनऊ बसता येतं. रमजान असेल तर तरावीहची (रात्रीच्या जादा नमाजेची) वेळ पाहून बैठक पुढे ढकला, नाहीतर जे यायलाच हवेत तेच येणार नाहीत. जागा वाचनालय किंवा शाळेची खोली. मंदिर, मशीद, पक्षाचं कार्यालय नको. दहा-बारा माणसं पुरेत.

एका रात्री एकच देश. इराण आणि इजिप्त एकत्र घेतले की खिचडी होते, कारण इराणात सत्ता धर्मगुरूंकडे आहे आणि इजिप्तमध्ये ती लष्कराच्या हातात.

फळ्यावर चार प्रश्न लिहा. इमामाला पगार कोण देतं? सर्वोच्च धर्मगुरू कोण नेमतं? शुक्रवारचा खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं प्रवचन, कोण ठरवतं? धर्माच्या नावावर पक्ष काढता येतो का? उत्तरापुढे साल लिहिल्याशिवाय पुढे सरकू नका.

पहिली रात्र इजिप्तला द्या. सुरुवात २०१३ च्या लष्करी बंडापासून करू नका, मागचं काहीच कळत नाही. १९२८ मध्ये हसन अल-बन्ना यांनी इस्माइलिया शहरात मुस्लिम ब्रदरहूड ही धार्मिक-राजकीय संघटना काढली. १९५४ मध्ये नासर यांच्या लष्करी राजवटीने तिच्यावर बंदी घातली. १९६१ च्या कायद्याने अल-अझहर हे हजार वर्षांचं विद्यापीठ सरकारच्या ताब्यात गेलं. एक संघटना तुरुंगात आणि दुसरी संस्था सरकारी पगारावर, दोन्ही इस्लामचंच नाव घेणाऱ्या. एवढं फळ्यावर उतरलं की अर्धी बैठक झाली समजा.

मग ३ जुलै २०१३. ब्रदरहूडतर्फे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवल्याची घोषणा जनरल सिसी करत होते तेव्हा अल-अझहरचे शेख अहमद अल-तय्यब, कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिश्चनांचे) पोप तावाद्रोस आणि सलफी, म्हणजे कर्मठ इस्लामवाल्या, नूर पक्षाचा माणूस तिथे बसलेले होते. तो फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवा. कोणीतरी म्हणेलच, ‘मंग अल-अझहर सरकारचा पोपटच झाला ना जी!’ तेव्हा २०१६ सांगा: मशिदींचा कारभार पाहणाऱ्या वक्फ मंत्रालयाने सगळीकडे एकच लेखी खुतबा वाचायला सांगितलं आणि अल-अझहरच्या ज्येष्ठ उलेमांनी (धर्मपंडितांनी) ते धुडकावलं. पुढच्या वर्षी तोंडी तलाक बंद करण्याच्या प्रश्नावरही सिसी यांचं त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या रात्री पाकिस्तान घ्या. धर्म दाबण्याऐवजी डोक्यावर घेणारी हुकूमशाही कशी असते ते तिथे दिसतं. जनरल झिया-उल-हक १९७७ मध्ये लष्करी बंड करून आले. १९८० मध्ये त्यांनी जकात, म्हणजे मुसलमानांनी द्यायचं धर्मदान, सरकारी केली: रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेच्या बचत खात्यातून थेट अडीच टक्के कापायचे. पीककर्जाच्या खात्यातून परस्पर कपात झालेल्या शेतकऱ्याला हे चटकन समजतं. शिया समाजाने त्याच वर्षी इस्लामाबादेत आंदोलन करून सूट मिळवली. कोणत्या पंथाच्या फिकहप्रमाणे (धर्मकायद्याप्रमाणे) कापायचं, हा वाद सरकारने स्वतःच्या अंगावर ओढून घेतला होता. आणखी एक उदाहरण द्यायचं असेल तर डिसेंबर १९८४ चं सार्वमत सांगा: प्रश्न इस्लामीकरणाला पाठिंबा आहे का असा होता, आणि ‘हो’ म्हणजे झियांना आणखी पाच वर्षं. असा प्रश्न समोर आला तर ‘नाही’ कोण म्हणेल, हे सभासदांनाच विचारा.

बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. बैठकीत बसलेल्या मुसलमान सभासदाकडे सगळे वळतात, ‘भाऊ, तुमच्यात असं काऊन?’ कैरोतल्या जनरलचा जाब अचलपूरच्या संत्रा व्यापाऱ्याने का द्यावा? संचालकाने तिथेच थांबवावं आणि प्रश्न फळ्यावरच्या चारांपैकी एकात बसवून सगळ्यांपुढे ठेवावा. बसत नसेल तर तो त्या रात्रीचा प्रश्न नव्हे.

व्हॉट्सॲपवरून आलेलं काही कोणी वाचायला लागलं तर साल, देश आणि मूळ बातमी विचारा. तिन्ही सांगता आली तरच पुढे वाचू द्या.