एआयओ लिक्विड कूलर नीट तपासायचा कसा

संगणकावर लोड, म्हणजे प्रोसेसरला सतत जड काम, चालवला आणि प्रोसेसर ८५ अंशांवर गेला. कूलर चांगला की वाईट? एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आत येणारी हवा २० अंशांची होती की ३४, प्रोसेसर १२० वॅट खात होता की २५०, पंखे किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) फिरत होते, हे माहीत नसेल तर ८५ हा नुसता आकडा आहे. शिवाय एआयओमध्ये, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र जोडून आधीच पाणी भरून येणाऱ्या बंदिस्त कूलरमध्ये, उष्णता दोन टप्प्यांत बाहेर पडते: आधी प्रोसेसरमधून पाण्यात, मग पाण्यातून हवेत. पहिला टप्पा पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप), कोल्ड प्लेट (प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची प्लेट) आणि पंपाचा. दुसरा रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) आणि पंख्यांचा. हे दोन टप्पे वेगवेगळे मोजले की बिघाड कोणत्या बाजूला आहे ते काहीही न खोलता कळतं, आणि दोन कूलरची तुलनाही खरी होते. खालची सगळी चाचणी याच हिशेबाने मांडली आहे.

बसवण्याआधी

पंखे न जोडता पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र वजनकाट्यावर ठेवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन आणि तारीख लिहून ठेवा. पंपाला ब्रॅकेट (मदरबोर्डवर बसवायची पट्टी) लावलेली होती की नाही हेही लिहा. रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं अगदी संथपणे बाहेर झिरपत असतं, गळती नसली तरीही. एआयओ बंदिस्त असल्यामुळे आत किती पाणी उरलंय ते दिसत नाही, पण काटा ते दाखवतो. चार वर्षांनी पेस्ट पुसून, त्याच स्थितीत पुन्हा वजन केलं की घट सरळ ग्रॅममध्ये हातात येते. ही नोंद फार कमी लोक करतात, आणि नंतर ती कशानेच भरून काढता येत नाही.

गळतीसाठी नळ्यांच्या चारही टोकांना पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा आणि कूलर रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कागदावर डाग किंवा चिकटपणा दिसला तर तो कूलर मशीनमध्ये बसवू नका, परत पाठवा.

ब्रॅकेट सॉकेटप्रमाणे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) तपासा. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटची भोकं ७५ मिमी अंतरावर आहेत, एलजीए १७०० आणि १८५१ ची ७८ मिमीवर. शिवाय १७०० वर प्रोसेसरची उंची कमी असल्याने स्टँडऑफही (ब्रॅकेट ज्यांवर टेकते ते छोटे खांब) वेगळे लागतात. जुने स्टँडऑफ वापरले तर स्क्रू पूर्ण आवळूनही प्लेट पुरेशी दाबली जात नाही, आणि हा दोष वरून पाहून अजिबात कळत नाही. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटना बहुतेक कूलरचा एकच सेट चालतो.

पेस्टचा ठसा

घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. कोल्ड प्लेटवरचा प्लास्टिकचा थर काढला आहे याची खात्री करा. प्लेट आणि प्रोसेसरचं झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेस्ट लावा, कूलर बसवा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, प्रत्येकी दोन-दोन फेरे असे आवळत जा. आता लगेच सगळं पुन्हा खोला आणि ठसा बघा.

ठसा चांगला असेल तर मधल्या भागात पेस्ट इतकी पातळ झालेली असते की खालचा धातू धूसर दिसतो, आणि दाबून बाहेर आलेली जाड किनार चारही बाजूंना साधारण सारखी असते. एका बाजूला जाड राखाडी पट्टा आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरडा धातू दिसला तर दाब तिरका पडला आहे. एखादा कोपरा अगदी स्वच्छ राहिला असेल तर पेस्ट कमी पडली. मध्यावर जाड थर आणि दोन कडांना पातळ असं दिसलं तर झाकण वाकलेलं असू शकतं. एलजीए १७०० मध्ये सॉकेटची कुलूपपट्टी मधे दाबते आणि हा त्रास होतो; त्या पट्टीच्या जागी बसणारी कॉन्टॅक्ट फ्रेम लावून तो कमी करता येतो.

ठसा पाहून झाला की सगळी पेस्ट पुसून नवी लावा. तीच पेस्ट पुन्हा दाबली तर मधे हवा अडकते आणि पुढची सगळी मापं चुकतात.

जोडणी

पंपाची वायर एआयओ पंप किंवा पंप फॅन असं लिहिलेल्या हेडरला (मदरबोर्डवरच्या पिनांना) लावा आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) तो हेडर पूर्ण वेगावर ठेवा. सीपीयू फॅन हेडरवर सहसा तापमानानुसार वेग बदलणारी सेटिंग आधीच असते. पंप तिथे लावला तर कमी तापमानाला तो संथ होतो आणि प्रत्येक चाचणीत वेगळं उत्तर मिळतं. पंप पॉवर सप्लायच्या साटा वायरवर चालत असेल तर हेडरला फक्त वेग कळवणारी तार जाते; ती तरी लावाच.

पंख्यांच्या लेबलवरचे अँपिअर बेरीज करून पाहा. साध्या हेडरची मर्यादा बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते. ०.३ अँपिअरचे तीन पंखे एका स्प्लिटरवर जेमतेम बसतात.

हवेची दिशा कागदाच्या बारीक पट्टीने तपासा. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे असतात तिकडून हवा बाहेर पडते. तीनपैकी एक पंखा उलटा बसल्याची चूक नेहमीची आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नाही.

मोजमाप

तीन तापमानं लागतात.

पहिलं, हवेचं. थर्मामीटरचं टोक रेडिएटरच्या ज्या बाजूने हवा आत शिरते त्या बाजूला, दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे ठेवा. रेडिएटर वर असेल आणि पंखे हवा बाहेर फेकत असतील तर ही जागा कॅबिनेटच्या आत, रेडिएटरच्या खाली येते. खोलीचं तापमान तिथे चालत नाही, कारण ग्राफिक्स कार्डाने तापलेली हवाच रेडिएटरला मिळत असते.

दुसरं, पाण्याचं. अनेक एआयओंत पाण्याचा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. नसेल तर छोटा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) रेडिएटरच्या टोकाच्या टाकीवर, नळी जिथे शिरते तिथल्या धातूवर टेपने चिकटवा आणि वर फोमचा तुकडा लावा. नळीच्या रबरावर लावू नका. रबर उष्णता अडवतं आणि वाचन कमी येतं. तिसरा उपाय फुकटचा आहे: लोड पूर्ण तापलेला असताना अचानक बंद करा. प्रोसेसरचं तापमान दोन-तीन सेकंदांत धाडकन खाली येतं आणि मग एका जागी रेंगाळत हळूहळू उतरतं. ज्या आकड्यावर ते रेंगाळतं तो पाण्याच्या तापमानाच्या थोडासाच वर असतो, कारण चिप क्षणात निवते पण पाण्याला वेळ लागतो.

तिसरं, प्रोसेसरचं: सॉफ्टवेअरमध्ये इंटेलवर सीपीयू पॅकेज, एएमडीच्या रायझनवर टीडाय या नावाचा आकडा.

आता वॅट बांधून घ्या. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर जागा मिळाली की ९५ अंशांपर्यंत जातात, इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीची मर्यादा १०० अंश आहे. मोकळं सोडलं तर चांगला कूलर आणि साधा कूलर दोन्ही त्याच आकड्यावर जाऊन थांबतात. फरक पडतो तो वॅट आणि क्लॉकमध्ये, आणि तापमान बघणाऱ्याला वाटतं दोन्ही सारखेच. म्हणून बायॉसमधल्या वॅटच्या मर्यादा बांधा: इंटेलसाठी पीएल१ आणि पीएल२ एकाच आकड्यावर, एएमडीसाठी पीपीटी ठरावीक ठेवा. मोठ्या प्रोसेसरला १२५ आणि २०० वॅट अशा दोन चाचण्या घ्याव्यात, लहान प्रोसेसरला ६५ आणि १००. मर्यादेच्या किमान पाच अंश खाली राहील असाच वॅट निवडा.

लोड एकसारखा हवा. प्राइम९५ चा स्मॉल एफएफटी किंवा ओसीसीटीचा सीपीयू टेस्ट चालतो. लिनक्सवर स्ट्रेस-एनजी आणि टर्बोस्टॅट. सिनेबेंचमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे खंड पडतो, तेवढ्यात चिप निवते, म्हणून इथे तो कमी उपयोगाचा.

वेळेचा हिशेब नीट समजून घ्या. पाव लिटर पाणी एक अंश तापायला साधारण १,०५० ज्यूल लागतात. म्हणजे २०० वॅटच्या लोडखाली पाणी सुरुवातीला पाच-एक सेकंदांत एक अंश चढेल. त्यात तांबं आणि ॲल्युमिनियमही तापवायचं असतं, आणि पाणी तापेल तशी रेडिएटर जास्त उष्णता फेकू लागतो, त्यामुळे चढण मंदावत जाते. एका मिनिटाच्या बेंचमार्कमध्ये पाणी पूर्ण तापलेलंच नसतं, म्हणून त्यात १२० मिमीचा रेडिएटरही ३६० च्या जवळ दिसतो. ३० मिनिटं चालवा, नोंद दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये घ्या आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी धरा. त्या पाच मिनिटांत पाणी अर्ध्या अंशाहून जास्त चढत असेल तर आणखी थांबा.

पंख्यांचा वेग टक्क्यांत नको, आरपीएममध्ये लिहा. एका पंख्याचे ६० टक्के आणि दुसऱ्याचे ६० टक्के यांत काही संबंध नसतो.

आकडे वाचायचे कसे

समजा २०० वॅटवर हवा २८, पाणी ४१ आणि प्रोसेसर ८६ अंश आला. पाणी आणि हवा यांतली दरी १३ अंश, म्हणजे दर वॅटला ०.०६५ अंश. प्रोसेसर आणि पाणी यांतली दरी ४५, म्हणजे दर वॅटला ०.२२५. अशा मशीनला मोठा रेडिएटर लावून फार तर पाच-सहा अंश मिळतील, कारण मोठी दरी तिकडे नाहीच. ती पेस्ट, दाब आणि खुद्द चिपमध्ये आहे.

उलट पाणी ५२ वर आणि प्रोसेसर ९५ वर असेल, तर पेस्ट बदलून वेळ वाया जाईल. जाळीतली धूळ, उलटा पंखा, समोरचं बंद पॅनेल, नाहीतर खूप कमी आरपीएम बघा. बहुतेक उत्पादक पाण्यासाठी ६० अंश ही मर्यादा देतात. तिथे पोचण्याआधी पंखे वाढवा.

चिप ते पाणी ही दरी वेगवेगळ्या प्रोसेसरमध्ये तुलना करण्याजोगी नसते. रायझनचे कोअर सत्तरेक चौरस मिलिमीटरच्या छोट्या चिपमध्ये असतात आणि ती चिप झाकणाच्या मध्यावरही नसते. तेवढ्या जागेतून शंभर वॅट काढायचे तर दरी मोठी येणारच, त्यात कूलरचा दोष नाही. अशा प्रोसेसरसाठी कूलर चिपच्या बाजूला सरकवून बसवणारी ऑफसेट ब्रॅकेट मिळत असेल तर जरूर लावा.

कूलर किमान तीन वेळा, दर वेळी ताज्या पेस्टने बसवून मोजा. प्रत्येक वेळी एक-दोन अंशांचा फरक येतो. दोन कूलरमधला फरक तेवढाच असेल तर ते बरोबरीचे समजा.

आवाज

मायक्रोफोन कायम एकाच जागी, उदाहरणार्थ कॅबिनेटपासून ५० सेंटिमीटरवर ठेवा. खोलीतला पंखा आणि एसी बंद करा. खोलीचा स्वतःचा आवाज कूलरपेक्षा किमान १० डेसिबल कमी हवा. फोनवरच्या ॲपचा आकडा स्वतंत्रपणे खरा मानू नका, पण त्याच फोनवर दोन कूलरची तुलना चालते. दोन्ही कूलरचे पंखे असे लावा की मीटरवर समान आकडा येईल, आणि मगच तापमान मोजा. पूर्ण वेगावरची तुलना जाहिरातीला बरी, कारण त्या वेगावर रोज कोणी मशीन चालवत नाही.

जुना कूलर संशयास्पद वाटला तर

लोड चालू असताना दोन्ही नळ्या एकाच वेळी दोन हातांत धरा. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर २०० वॅटवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात तीन अंशांपेक्षाही कमी फरक पडतो. म्हणजे दोन्ही नळ्या हाताला जवळजवळ सारख्याच लागायला हव्यात. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर पाणी फिरत नाही किंवा फार कमी फिरतंय.

पंपाचा आरपीएम दिसतो म्हणून पाणी फिरतंय असं समजू नका. तो फक्त मोटर फिरते आहे एवढंच सांगतो. कोल्ड प्लेटमधल्या केसासारख्या बारीक खाचांत गाळ अडकला तर आरपीएम ठीक, पाण्याचा सेन्सर आणि रेडिएटर थंड, आणि प्रोसेसर मात्र मर्यादेला टेकलेला, असं चित्र दिसतं. प्लेट तांब्याची, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आणि पाण्यातलं गंजरोधक द्रव्य कमी पडू लागलं की हा गाळ तयार होतो. पंप पूर्ण बंद असेल तर काही लोड नसतानाही तापमान बघता बघता ८०-९० च्या पुढे जातं; मशीन लगेच बंद करा.

गुळगुळ आवाज म्हणजे पंपात हवा. मशीन चालू ठेवून कॅबिनेट दोन्ही बाजूंना हळूहळू ४५ अंश तिरकं करा, हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाते. पुन्हा पुन्हा आवाज आला तर मांडणी तपासा: पंप कधीही सगळ्यात उंच जागी नको. रेडिएटर तळाशी बसवला की नेमकं हेच होतं. समोर उभा बसवला असेल तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर हवं, आणि नळ्या पोचत असतील तर त्या खालच्या बाजूला ठेवा.

मांडणी बरोबर असूनही आवाज जात नसेल तर कूलर काढा, पेस्ट पुसा आणि पहिल्या दिवशीच्या वजनाशी ताडून पाहा. वजन बरंच घटलं असेल आणि चिप ते पाणी ही दरी त्याच वॅटला, त्याच पेस्टवर पूर्वीपेक्षा दहा अंशांनी वाढली असेल, तर तो कूलर बदला. पाणी भरण्याची झडप दिलेली नसेल तर तो खोलू नका.