पडद्यावरचा एक टक्का आणि पेशीजवळचा एक टक्का: हायपॉक्सियाचा प्रयोग कसा लावावा

हायपॉक्सियाच्या, म्हणजे कमी ऑक्सिजनच्या, प्रयोगात इन्क्युबेटरच्या पडद्यावर १.० टक्का ऑक्सिजन दिसतो, तो हवेतला आकडा असतो. पेशी मात्र हवेत राहत नाहीत. त्या मीडियमच्या (पोषक द्रवाच्या) तळाशी प्लास्टिकला चिकटून बसलेल्या असतात आणि वरून झिरपत येईल तेवढाच ऑक्सिजन त्यांना मिळतो. एका लॅबचे हायपॉक्सियाचे निकाल दुसरीत जुळत नाहीत तेव्हा अँटिबॉडी बदलण्याआधी मीडियमची खोली आणि पेशींची दाटी तपासावी.

किती ऑक्सिजन हवा ते आधी ठरवा

ज्याला आपण सवयीने नॉर्मॉक्सिया (साध्या इन्क्युबेटरमधला ऑक्सिजन) म्हणतो तोही २१ टक्के नसतो. ३७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिमी पारा असतो. तो ७६० मधून वजा करा, राहिलेल्यातला ५ टक्के कार्बन डायऑक्साईड काढा, आणि उरलेल्या हवेचा २०.९ टक्के घ्या. उत्तर सुमारे १४२ मिमी, म्हणजे १८.६ टक्के येतं. आणि हासुद्धा शरीराच्या मानाने चैनीचा पुरवठा आहे, कारण बहुतेक ऊतींमध्ये ऑक्सिजन याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तेव्हा ऊतीसारखी परिस्थिती हवी असेल तर ५ टक्क्यांच्या आसपास राहा. हिफ (कमी ऑक्सिजनला पेशीचा प्रतिसाद चालू करणारं प्रथिन) चांगला जागा करायचा असेल तर १ ते २ टक्के. ०.१ टक्क्याच्या खाली गेलात की प्रश्नच बदलतो: प्रथिनांच्या घडीचा ताण येतो आणि त्याला उत्तर देणाऱ्या पर्क आणि एटीएफ-४ या प्रथिनांची साखळी सुरू होते. त्या निकालांना नुसतं 'हायपॉक्सिया' म्हणणं दिशाभूल करणारं आहे.

१ टक्का हा आकडा का चालतो, हे समजलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. हिफ-१ अल्फा हे प्रथिन पेशीत सतत तयार होतं आणि सतत मोडलं जातं. भरपूर ऑक्सिजन असताना त्याचं अर्धायुष्य पाचेक मिनिटांचंच. प्रोलिल हायड्रॉक्सिलेज एन्झाइमं ऑक्सिजन, लोह आणि २-ऑक्सोग्लुटारेट वापरून त्याच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलीनवर खूण करतात, व्हीएचएल हे प्रथिन ती खूण ओळखतं आणि हिफ प्रोटिअसोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे, जातं. (हीच यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.) या एन्झाइमांची ऑक्सिजनशी ओढ कमी आहे, त्यामुळे पुरवठा थोडा घटला तरी त्यांचं काम मंदावतं. मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज मात्र १ मायक्रोमोलरपेक्षाही कमी ऑक्सिजनवर भागवतं. म्हणून १ टक्क्यावर लॅक्टेट वाढलं की 'श्वसन बंद पडलं' असं लिहू नका. बऱ्याचदा तिथे श्वसनाला ऑक्सिजन पुरेसा असतो. हिफने पीडीके-१ हे एन्झाइम वाढवलेलं असतं, पीडीके-१ ने पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजला (पायरुव्हेट मायटोकाँड्रियातल्या चक्राकडे नेणाऱ्या एन्झाइमला) आवर घातलेला असतो, आणि पायरुव्हेट लॅक्टेटकडे वळलेलं असतं.

खोली आणि दाटी यांचा हिशेब

ढोबळ आकडे असे. मीडियममध्ये ऑक्सिजनचा विसरणांक (तो किती झपाट्याने पसरतो याचं माप) साधारण २.७ × १०⁻⁵ चौ. सेंमी प्रति सेकंद आहे. १ टक्क्यावर विरघळलेला ऑक्सिजन सुमारे १० मायक्रोमोलर असतो. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलचं क्षेत्रफळ ९.५ चौ. सेंमी, म्हणजे २ मिली मीडियम घातलं की खोली २.१ मिमी होते. एवढ्या खोलीतून विसरणाने खाली पोचू शकणारा ऑक्सिजन जास्तीत जास्त १.३ पिकोमोल प्रति चौ. सेंमी प्रति सेकंद. आता पेशीचा खप सेकंदाला ५० अ‍ॅटोमोल (दहा लाख अ‍ॅटोमोल म्हणजे एक पिकोमोल) धरा आणि थर भरगच्च, चौ. सेंमीला एक लाख पेशींचा आहे असं माना. मागणी झाली ५ पिकोमोल. पुरवठा तिच्या जेमतेम पाव, म्हणजे पडदा १ टक्का दाखवत असताना तळाशी जवळजवळ शून्य. हाच थर साध्या इन्क्युबेटरमध्ये असता तर पेशीजवळ १५ टक्क्यांच्या आसपास मिळाले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

उपाय दोनच आहेत, पेशी विरळ ठेवा किंवा मीडियम उथळ ठेवा. चौ. सेंमीला २० हजार पेशी आणि वेलमध्ये १ मिली मीडियम (खोली १ मिमी) ठेवलं तर याच हिशेबाने तळाशी साधारण ०.६ टक्का उरतो. पण १ मिली मीडियम लवकर आटतं आणि त्यातलं ग्लुकोज लवकर संपतं, हे ध्यानात असू द्या. आणि आपल्या पेशींचा खप एकदा तरी मोजून घ्या. यकृताच्या पेशींसारख्या खादाड पेशींना ५० अ‍ॅटोमोलचा हिशेब लागू पडत नाही. फ्लुरोसन्स-विझवणीवर चालणारा ऑप्टिकल सेन्सर वेलच्या तळाशी चिकटवता आला तर सगळं अंदाजपंचे थांबतं. सेन्सरचं शून्य ताज्या सोडियम सल्फाईटच्या द्रावणात बसवा.

दुसरा घोटाळा वेळेचा. मीडियमला बाहेरच्या वायूशी समतोल साधायला लागणारा वेळ खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: २ मिमीला सुमारे २५ मिनिटं, ५ मिमीला अडीच तासांहून जास्त. झाकण घट्ट बसवलेल्या बाटलीत तर तो कधीच साधला जात नाही. म्हणून मीडियम आदल्या रात्रीच पसरट डिशमध्ये ओतून हायपॉक्सियाच्या कक्षात ठेवावं आणि प्रयोगाच्या सुरुवातीला तेच घालावं. पॉलिस्टायरीनही स्वतःत ऑक्सिजन साठवतं आणि नंतर तासन्‌तास सोडत राहतं. १ टक्क्यावर हे खपून जातं, पण ०.१ टक्क्यावर काम करायचं असेल तर काचेच्या डिश घ्या किंवा प्लेटही आधीपासून आत ठेवा.

बंद डबा वापरत असाल तर

सगळ्यांकडे हातमोज्यांचं वर्कस्टेशन नसतं. वायू भरून चिमटे लावायचा डबा नीट वापरला तर चांगलं काम देतो.

१. तळाशी उघड्या पेट्री डिशमध्ये १० ते २० मिली निर्जंतुक पाणी ठेवा, नाहीतर कोरडा वायू मीडियम आटवतो.
२. प्लेटा ठेवा, झाकण लावा, रबरी कडा स्वच्छ आणि ओलसर असल्याची खात्री करा.
३. १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साईड, ९४ टक्के नायट्रोजन असं तयार मिश्रण मिनिटाला २० लिटरने ४ ते ५ मिनिटं सोडा. आधी बाहेरचा चिमटा बंद करू नका, डबा फुगून कडा सुटतात.
४. ३७ अंशांना ठेवा आणि तासाभराने परत एकदा वायू सोडा. मीडियम आणि प्लास्टिकमधून निघालेला ऑक्सिजन याच फेरीत बाहेर जातो. ही पायरी वगळली की बहुतेक वेळा ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) फिका येतो.

वायूचं सिलिंडर लहान खोलीत असेल तर भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म लावा. खोलीतली पातळी १९.५ टक्क्यांखाली गेली की माणसालाही धोका असतो, आणि नायट्रोजनची गळती वासाने कळत नाही.

नमुना काढणं: इथेच बहुतेक प्रयोग बिघडतात

अर्धायुष्य पाच मिनिटांचं आहे हे विसरू नका. डबा उघडला, प्लेट हुडखाली नेली, मीडियम काढलं, दोनदा धुतलं, लायसिस (पेशी फोडण्याचा) बफर शोधला, एवढ्यात निम्मा हिफ गेलेला असतो. वर्कस्टेशन असेल तर आतच लायसिस करा. नसेल तर प्रत्येक वेळेसाठी वेगळी प्लेट आणि शक्य तर वेगळा डबा ठेवा. ४, ८, २४ आणि ४८ तासांच्या पेशी एकाच प्लेटमध्ये असतील तर पहिली वेल काढताना बाकीच्या सगळ्यांना हवा लागते.

उघडण्याआधी बर्फाचा ट्रे, सक्शन आणि बफर हाताशी ठेवा. प्लेट थेट बर्फावर, मीडियम बाहेर, १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामिन (हायड्रॉक्सिलेजना लागणारं लोह पकडून ठेवणारं रसायन) घातलेलं बर्फगार पीबीएस (धुण्याचा क्षारयुक्त बफर) एकदाच, आणि लगेच लायसिस. एका प्लेटला मिनिटापेक्षा जास्त लागता कामा नये. सौम्य डिटर्जंटच्या बफरपेक्षा २ टक्के एसडीएस (तीव्र डिटर्जंट) असलेला ट्रिस बफर बरा, कारण तो एन्झाइमं जागच्या जागी थांबवतो. सहा वेलच्या वेलला १५० मायक्रोलिटर पुरतो. खरवडा, ९५ अंशांना ५ मिनिटं तापवा, मग सोनिकेट करा. नाहीतर डीएनएमुळे नमुना लाळेसारखा ताणतो आणि जेलच्या वेलमध्ये उतरत नाही. डीटीटी (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) आणि रंग बीसीए चाचणीने प्रथिन मोजल्यावरच घाला.

८ टक्के जेलवर ३० ते ५० मायक्रोग्रॅम चढवा. हिफ-१ अल्फाचं गणिती वजन ९३ किलोडाल्टन असलं तरी पट्टी ११० ते १२० च्या दरम्यान दिसते. १०० च्या खाली एकच ठळक पट्टी येत असेल आणि ती नॉर्मॉक्सियातही तेवढीच असेल, तर ती बहुधा हिफची नाहीच. आरसीसी-४ या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) कायम फ्रीझरमध्ये ठेवावा: त्यांच्यात व्हीएचएल काम करत नाही, म्हणून साध्या हवेतही हिफ दिसतो. ७८६-ओ या पेशीही व्हीएचएलविना असतात, पण त्यांच्यात हिफ-२ अल्फाच असतो. त्यामुळे त्या हिफ-१ अल्फाच्या अँटिबॉडीसाठी छान निगेटिव्ह कंट्रोल ठरतात.

२४ तासांना पट्टी फिकी झाली म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. हिफ-१ अल्फा बहुतेक पेशींत ४ ते ८ तासांना सर्वात जास्त असतो. पुढे तो स्वतःच हायड्रॉक्सिलेज वाढवून स्वतःला खाली ओढतो. त्या वेळी हिफने वाढवलेली सीए-९ किंवा ग्लुट-१ ही प्रथिनं पाहा. आरएनए करत असाल तर हिफ-१ अल्फाचा नव्हे, त्याने चालू केलेल्या जनुकांचा मोजा, कारण इथे नियंत्रण प्रथिनाच्या मोडतोडीवर आहे. आणि जीएपीडीएचला संदर्भ जनुक घेऊ नका. तो ग्लायकोलिसिसचा एन्झाइम आहे, हायपॉक्सियात स्वतःच वाढतो, आणि मग तुमची सगळी वाढ कागदावर निम्मी होते. आरपीएलपी-० किंवा बी-२-एम घ्या, पण तेही आपल्या पेशींत तपासूनच.

कोबाल्ट क्लोराईड (१०० ते १५० मायक्रोमोलर) आणि डीएमओजी (१ मिलीमोलर, ४ ते ६ तास) ही हायड्रॉक्सिलेज रोखणारी रसायनं ब्लॉटची पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून उत्तम. त्यांना 'रासायनिक हायपॉक्सिया' म्हणून चयापचयाच्या प्रयोगात वापरणं मात्र चूक आहे. ऑक्सिजन तर कमी झालेलाच नसतो, आणि डीएमओजी स्वतःच मायटोकाँड्रियाचं श्वसन दाबतं.

चयापचय मोजताना

सोपं माप मीडियममधलं ग्लुकोज आणि लॅक्टेट. पेशी नसलेली मीडियमची वेलही सोबत ठेवा, सीरममध्ये लॅक्टेट असतंच आणि आटणंही त्यातच कळतं. निकाल पेशींच्या संख्येवर किंवा डीएनएवर विभागा. एकूण प्रथिनावर नको, कारण कमी ऑक्सिजनमध्ये पेशी प्रथिननिर्मितीच कमी करतात.

लॅक्टेट भागिले ग्लुकोज हे प्रमाण आधी बघा. एका ग्लुकोजपासून जास्तीत जास्त दोन लॅक्टेट. २ च्या बरंच वर आलं तर पंचाईत मापनात आहे: सहसा ग्लुकोजची घट फार लहान असते आणि दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत चूक फुगते. जरासं वर असेल तर ग्लुटामीन किंवा साठलेलं ग्लायकोजेनही कारण असू शकतं.

मीडियम किती पुरेल तेही पाहा. दहा लाख पेशी, प्रत्येकीचा खप तासाला ०.३ पिकोमोल, म्हणजे २४ तासांत ७.२ मायक्रोमोल. ५.५ मिलीमोलरच्या १ मिली मीडियममध्ये ग्लुकोज असतं अवघं ५.५ मायक्रोमोल. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑक्सिजनचा तुटवडा मोजत नसून उपासमार मोजत असता. २५ मिलीमोलर घेतलं तर ग्लुकोज पुरतं, पण आम्ल साठतं, तेव्हा २० मिलीमोलर हेपेस बफर घाला आणि शेवटी पीएच मोजून लिहा.

पेशीच्या आतले रेणू हवे असतील तर घाई आणखी वाढते. एटीपी आणि एनएडीएच सेकंदांत बदलतात. मीडियम काढताच उणे ८० अंशांचं ८० टक्के मिथेनॉल ओता, धुणं जमलं तर एकदाच आणि झटकन.

कार्बन-१३ चा (खूण म्हणून वापरायच्या जड कार्बनचा) मागोवा घेताना डायलाइझ केलेलं, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेलं, सीरम वापरा, नाहीतर खुणेशिवायचं ग्लुकोज आणि ग्लुटामीन मिसळतं. सहाही कार्बन खुणेचे असलेलं ग्लुकोज दिलं की लॅक्टेट तीन खुणांसह येतं आणि पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजच्या वाटेने गेलेलं सायट्रेट दोन खुणांसह. हायपॉक्सियात हा दोनचा वाटा घटलेला दिसायला हवा. पाच खुणांचं ग्लुटामीन दिलं तर सायट्रेटवर चार खुणा म्हणजे क्रेब्स चक्र नेहमीच्या दिशेने फिरलंय, पाच खुणा म्हणजे उलट्या, रिडक्टिव्ह वाटेने. पाच खुणांचा वाटा वाढला म्हणून उलटा प्रवाह वाढला असं लगेच म्हणू नका: ग्लुकोजकडून येणारं सायट्रेट आटलं तरी टक्केवारीत तो आपोआप मोठा दिसतो. सायट्रेटचा एकूण साठाही मोजा.